किर्गिझस्तानातला साल्हेर

“काळी रेघ म्हणजे सगळ्यात अवघड ना? मग आपण काळीवर जायचं,” बापू म्हणाले आणि त्यांनी टीव्हीच्या काचेवर बोट टेकवलं.

टीव्हीवर किर्गिझस्तानातला एक डोंगर होता. माझी पुतणी ऋजुता तिथे बिश्केकला डॉक्टरीला होती. तिने शहराजवळच्या तीन स्की रिसॉर्टचे नकाशे पाठवले होते आणि त्यातलं एक निवडायला आम्ही नाशिकला बापूंच्या हॉलमध्ये बसलो होतो. आम्ही म्हणजे बापू खैरनार, त्यांची बायको कुमुदवहिनी आणि मी. ऋजुता फोनवर होती.

“बापूकाका, काळी ज्यांना येतं त्यांच्यासाठी असते. आपण हिरवीपासून सुरुवात करायची.”

“अगं, मी हरिहर गड कितीदा चढलोय, विचार तुझ्या काकाला.”

“पण इथे चढायचं नसतंच. वर खुर्चीतून नेतात. आपण फक्त उतरायचं.”

बापू माझ्याकडे बघून हसले. डोंगर न चढलेल्या माणसांकडे बघून ते असेच हसत. “उतरण्यात काय आहे? ते आपोआप होतं.”

मी चहा ढवळत राहिलो. बापूंच्या घरी साखर बंद होती, त्यामुळे ढवळण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण मला खाली बघायला कारण हवं होतं.

त्याचं असं होतं, की बापूंना उतरणं आपोआप होत नाही हे आमच्या भटक्यांच्या मंडळात बापू सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. महिन्यापूर्वी हरिहरच्या खड्या पायऱ्या उतरताना त्यांचा डावा गुडघा अडकला. पायरी जेमतेम एका माणसाची. बापू सगळ्यात पुढे, आम्ही त्यांच्या मागे आणि आमच्या मागे भिवंडीहून आलेला एक मोठा ग्रुप. बराच वेळ कुणी हललं नाही. भिवंडीकरांनी तिथेच पायऱ्यांवर बसून डबे उघडले. बापू वळून म्हणाले, “जरा थांबलोय, पोरांना देखावा बघू दे.” देखावा आम्ही चढतानाच बघितला होता. उतरताना समोर फक्त दगड होता.

फेब्रुवारीत मंडळ शाळेच्या मुलांना साल्हेर किल्ल्यावर नेणार होतं आणि मोहीमप्रमुख अर्थातच बापू. वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर माणसाला एक तरी पद लागतं. बापूंना ते आमच्या मंडळाने दिलं होतं आणि आता मंडळालाच ते काढून घ्यायचं होतं. पायरीवर बापूंच्या मागे आम्ही उभे होतो ते ठीक. तिथे शाळेची मुलं उभी करायला कुणी तयार नव्हतं. बैठकीत बापूंना सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. मी बरीच वर्षं उपप्रमुख होतो आणि कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. लोकांना न आवडणारं सांगायची मला सवय असेल असा सगळ्यांचा समज होता.

“तिकडे परदेशात सांगून टाक,” खजिनदार म्हणाले. “इथे सांगितलंस तर गंगापूर रोडपर्यंत ऐकू जाईल.”

तर मला बापूंसाठी सगळ्यात सपाट रिसॉर्ट हवं होतं. चांगला मूड, नरम बर्फ, गरम चहा, मग हळूच विषय काढायचा असा बेत. नावं जिभेवर बसत नव्हती म्हणून बापूंनीच तिन्ही ठिकाणांचं आपल्याकडच्या गडांवरून बारसं करून टाकलं. सगळ्यात छोटं, रुंद आणि पसरट ते रामशेज. मधलं अंजनेरी. आणि जिथली खुर्ची सगळ्यात उंच जाते ते साल्हेर.

“रामशेज घेऊ,” मी म्हणालो. “तिथे कॅफे चांगला आहे म्हणतात.”

“कॅफे कॉलेज रोडला पण आहे, विद्याधर.”

“मग अंजनेरी?”

“धड सोपं नाही, धड अवघड नाही. ते बँकवाल्यांसाठी. साल्हेरच.”

“गरम पाणी कुठे चोवीस तास येतं?” वहिनींनी विचारलं. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. पुढे कळलं की त्यांनी नंतर ऋजुताला वेगळा फोन करून ते विचारून घेतलं होतं, आणि बरंच काही.

*

डिसेंबरच्या अखेरीस आम्ही बिश्केकला उतरलो. विमानतळावर दार उघडताच बापूंच्या मिशांवर दव गोठलं. ते त्यांना इतकं आवडलं की टॅक्सीतही त्यांनी काच खाली ठेवायचा आग्रह धरला. ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि काहीही न बोलता आपल्याकडच्या बटणाने ती वर केली.

दुसऱ्या दिवशी ऋजुताने आम्हाला आधी रामशेजला नेलं. “बघून तर घ्या, मग ठरवा,” ती म्हणाली. तिथे पाच-सहा वर्षांची मुलं रंगीत टोप्या घालून बदकाच्या पिल्लांसारखी एकामागून एक घसरत होती. त्यांची शिक्षिका आयझादा म्हणून एक उंच, लाल गालांची बाई होती. रशियन आणि मोडकंतोडकं इंग्रजी बोलायची. तिने आम्हा तिघांना बूट चढवायला लावले, पायाला स्की अडकवल्या आणि पहिला धडा दिला: पडायचं कसं. बाजूला कलायचं, कुशीवर टेकायचं, घाबरायचं नाही. ती स्वतः पडून दाखवत होती. मुलं टाळ्या वाजवत होती.

वहिनी पडल्या. उठल्या. पुन्हा पडल्या.

“बापूकाका, आता तुम्ही,” ऋजुता म्हणाली.

“मी पडायला नाही आलो,” बापू म्हणाले. “नाशिकहून इतक्या लांब येऊन पडायचं? पडायचं तर पंचवटीत काय कमी खड्डे आहेत?”

“अहो, एकदा पडून बघा ना. मऊ आहे,” वहिनी बर्फावर बसूनच म्हणाल्या.

“तू ऊठ आधी. लोक बघतायत.”

“लोक पण पडतायत.”

बापूंनी पायातल्या फळ्या काढल्या. स्कीला ते शेवटपर्यंत फळ्याच म्हणत. “चल विद्याधर, साल्हेर.”

“मी इथेच थांबते,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही जा तिकडे. संध्याकाळी गाडी मला इथून उचलेल.”

बापूंनी मोठ्या मनाने परवानगी दिली. ऋजुता वहिनींसोबत राहिली आणि माझा सपाट रिसॉर्टचा बेत पहिल्या सकाळीच संपला.

*

साल्हेर मात्र खरंच साल्हेर होता. पायथ्याशी उभं राहिलं की मान दुखेपर्यंत वर बघावं लागे. खुर्च्यांची माळ धुक्यात शिरून दिसेनाशी होत होती. बापूंनी टोपी काढून डोंगराला नमस्कार केला आणि फळ्या खांद्यावर टाकून कडेकडेने चालायला लागले.

“बापू, खुर्ची तिकडे आहे.”

“खुर्चीने वर जायला मी काय नवस फेडायला आलोय?”

सप्तशृंगीला ट्रॉली सुरू झाली तेव्हा बापूंनी घरात सुतक पाळल्यासारखं तोंड केलं होतं, हे मला आठवायला हवं होतं. मी त्यांच्या मागे निघालो. स्कीच्या बुटात चालणं म्हणजे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये घालून वरातीत नाचणं. वरून येणारे लोक आमच्याकडे बघून दचकत आणि बाजूने सटकत. थोड्याच वेळात लाल जाकीटवाला एक माणूस बर्फावरच्या स्कूटरने आला, काहीतरी रागाने बोलला आणि आम्हा दोघांना मागे बसवून खाली घेऊन गेला.

“चांगली माणसं आहेत,” बापू म्हणाले. “वयाचा मान ठेवतात.”

त्या रात्रीच्या जेवणात मी विषय काढला. म्हणजे “बापू, फेब्रुवारीत...” इथवर गेलो. ते म्हणाले, “हो, फेब्रुवारीत साल्हेरला बर्फ असतं तर काय मजा आली असती!” आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मी पुढ्यातल्या सुपाकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पायथ्याशी सकाळभर फळ्यांवर उभं राहायचा सराव केला, शिक्षकाशिवाय. फळ्या पुढे जात, बापू जागेवर राहत. दुपारी ते कॅफेच्या खिडकीत बसून वरून येणाऱ्या लोकांच्या चुका मला समजावून सांगत राहिले. मी पुन्हा विषय काढला. ह्या वेळी “बापू, मंडळात...” इथपर्यंत पोचलो.

“मंडळात तुझ्याशिवाय कुणात दम नाही,” ते म्हणाले. “तू मागे असलास की मला मागे वळून बघावं लागत नाही.”

असं कुणी म्हटल्यावर पुढचं वाक्य कसं बोलायचं हे अर्थशास्त्राच्या कुठल्याच शाखेत सांगितलेलं नाही.

संध्याकाळी रामशेजवरून वहिनी परत येत तेव्हा त्यांच्या नाकाचा शेंडा लाल असे आणि केसांत बर्फ. “आज ब्रेक शिकले,” त्या म्हणाल्या. “पुढची टोकं जवळ आणायची, टाचा लांब. पिझ्झ्याचा तुकडा म्हणते ती आयझादा. मी समोसा म्हणते. समोसा केला की थांबतं.”

“अस्सं,” बापू म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “उद्या वर जायचं. खुर्चीने. फक्त वर. उतरायचं आपल्या पायांनी.”

“बापू, उतरण...”

“विद्याधर, डोंगर आहे. विहीर नाही.”

*

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं. खुर्ची आली, पोटऱ्यांना धडकली आणि आम्हाला उचलून निघाली. बापूंनी वर जाईपर्यंत डोळे मिटले नाहीत, पण खालीही बघितलं नाही.

माथ्यावर वाऱ्याने कान बधिर झाले. चारी बाजूंनी पांढरे डोंगर एकामागे एक उभे होते, न संपणारे. बापू फारच हळू आवाजात म्हणाले, “आपण उगीच नाशिकला जन्मलो रे.” त्यांचे डोळे ओले होते. वाऱ्यानेही असतील.

मग त्यांनी खाली बघितलं.

काळी रेघ नकाशावर असते तेव्हा रेघच असते. इथे ती कड्यासारखी खाली पडली होती. लोक काठावर येत, एक क्षण थांबत आणि नाहीसे होत. बाजूने एक रुंद, वळणावळणाची सोपी वाटही जात होती, पण तिच्या तोंडाशी हिरवी पाटी होती, म्हणजे बापूंच्या लेखी ती वाटच नव्हती. त्यांनी फळ्या खांद्यावर घेतल्या, काळ्या पाटीच्या बाजूने चार पावलं टाकली आणि थांबले.

मी पण थांबलो. हरिहरच्या पायऱ्यांवरचीच त्यांची पाठ मला समोर दिसत होती.

“गुडघा?” मी विचारलं.

“बूट,” ते म्हणाले. “ह्यांचे बूट चुकीचे आहेत.”

मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना मागे आणलं. लिफ्टवाल्या माणसाने ते बघितलं आणि रिकाम्या खाली जाणाऱ्या खुर्चीकडे हात केला. बसा, जा.

“नाही,” बापू म्हणाले.

लिफ्टवाला पुन्हा हात करून बोलला.

“नाही म्हटलं ना! वर गेलेला माणूस बसून खाली येत नाही. विद्याधर, सांग त्याला.”

मला किर्गिझ येत नव्हतं, रशियनही नाही. आणि सांगायचं झालं तर मला त्या माणसाचंच पटलं होतं. मी बापूंचा हात घट्ट पकडला आणि म्हणालो, “बापू, मला गरगरतंय.”

“काय?”

“वर आल्यापासून. उंचीने असेल. एकट्याने खुर्चीत बसायची भीती वाटते. तुम्ही बरोबर आलात तर...”

बापूंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. “मग आधी नाही का सांगायचं?” ते म्हणाले आणि मला आधार देत, लंगडत, खुर्चीपर्यंत घेऊन गेले.

खाली जाणाऱ्या खुर्चीची एक गंमत मला तोवर माहीत नव्हती. वर जाताना आपण लोकांच्या पाठी बघतो. खाली जाताना वर येणारा प्रत्येक माणूस आपल्या समोरून, हाताच्या अंतरावरून, आपलं तोंड बघत जातो. खाली जाणारे आम्ही दोघंच होतो. वर येणारे शेकडो.

पहिल्या खुर्चीतल्या दोन पोरींनी आमच्याकडे टक लावून बघितलं. बापूंनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि खणखणीत मराठीत सांगितलं, “याला गरगरतंय!”

पोरींनी हात हलवला.

“याला बरं नाही! हो, उंचीमुळे!” दुसऱ्या खुर्चीला. तिसरीतल्या म्हाताऱ्या रशियन जोडप्याने माझ्याकडे इतक्या कळवळ्याने बघितलं की मला खरोखरच गरगरायला लागलं. मी मान खाली घालून आजारी दिसायचा प्रयत्न करत होतो. बापू सगळ्यांना माझी प्रकृती कळवत होते.

आणि मग धुक्याच्या पट्ट्यातून एक खुर्ची वर आली. तिच्यात लाल गालांची आयझादा होती आणि तिच्या शेजारी, पायात स्की, डोक्यावर लाल टोपी, डोळ्यांवर भलामोठा चष्मा, कुमुदवहिनी.

“अहो!” वहिनी ओरडल्या. “तुम्ही कुठे निघालात?”

“खाली! विद्याधरला गरगरतंय! तू इथे काय करतेस?”

“आयझादा म्हणाली आता तुला इथलंही जमेल! हिरव्या वाटेने येतेय!” खुर्च्या समोरासमोर आल्या. वहिनींनी मला आपादमस्तक न्याहाळलं, मग बापूंना. “आणि तुमचा गुडघा कसा आहे?”

बापूंनी उत्तर द्यायच्या आत खुर्ची वर गेली होती. ते मागे वळून, बार धरून, वहिनींची लाल टोपी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. त्यानंतर समोरून आलेल्या खुर्च्यांना त्यांनी काहीच सांगितलं नाही.

आता सांगायला हवं होतं. खुर्चीतून उठून जायची सोय नव्हती, त्यांना आणि मलाही.

“बापू,” मी म्हणालो, “फेब्रुवारीतली मोहीम.”

“बोल.”

“मंडळाचं म्हणणं आहे की ह्या वेळी तुम्ही पुढे राहू नये.”

“मंडळाचं, की तुझं?”

“दोघांचं.”

खाली झाडांचे शेंडे सरकत होते. बापू मिशीवरचं बर्फ बोटाने काढत राहिले.

“हरिहरला मी देखावा नव्हतो दाखवत,” ते शेवटी म्हणाले.

“माहितीये, बापू.”

“सगळ्यांना माहितीये?”

“भिवंडीकरांना पण.”

ते हसले नाहीत. खाली बघत ते म्हणाले, “पाय हलेना, त्याचं काही नाही रे. मागे तुम्ही सगळे गप्प उभे होतात ना. कुणी एक शिवी तरी घालायची.”

पायथा जवळ आला होता.

“मग पुढे कोण?” त्यांनी विचारलं. “तू?”

“मंडळ म्हणेल तसं,” मी म्हणालो. इतकी वर्षं उपप्रमुख राहिलेल्या माणसाला हे वाक्य नम्रपणे म्हणायचा चांगला सराव असतो. पण नाही म्हणण्यात अर्थ नाही, त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर साल्हेरच्या दरवाजातून सगळ्यांत पुढे निघालेला मीच होतो.

*

खाली उतरल्यावर आम्ही उभे राहिलो. बापू कॅफेत आले नाहीत. हिरवी वाट जिथे मैदानात उतरते तिथे कुंपणाला टेकून त्यांनी वर डोळे लावले. वहिनींबरोबर रामशेजहून आलेली ऋजुता आमच्यासाठी चहा घेऊन आली. त्यांनी तो हातात धरून थंड केला.

पुष्कळ वेळाने लाल टोपी दिसली. वहिनी इतक्या हळू येत होत्या की त्यांच्या दोन्ही बाजूंनी शाळेतली मुलं सूं करून निघून जात होती. समोसा करून थांबत, तोंड वळवत, पुन्हा निघत. एका वळणावर वाट जरा तिरपी होती. तिथे त्या थांबल्या, खाली बघितलं आणि सरळ बर्फात बसल्या. पडल्या नाहीत, बसल्या. आयझादा शेजारी उभी राहिली. मागून आलेली दहा-बारा माणसं वळसा घालून पुढे गेली. वहिनींनी हातमोजे काढले, नाक पुसलं, हातमोजे घातले. मग उठल्या आणि आल्या.

“बघितलंस?” बापू म्हणाले.

“हो, छान जमलं त्यांना.”

“ते नाही रे. बसली ती. सगळ्यांसमोर.” त्यांनी चहाचा कप ऋजुताच्या हातात दिला. “मंडळाला सांग, साल्हेरला कुमुद पुढे राहील.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. “वहिनी? बापू, वहिनी साल्हेर कधी चढल्यात?”

“चढवायला तू आहेस की. तू चढव. उतरताना पुढे ती. पोरं घेऊन जायची तर जमत नाही तिथे खाली बसणारं माणूस हवं पुढे. आपल्या दोघांत ते नाही.”

“माझ्यात का नाही?”

“तू गरगरतंय म्हणालास. माझा गुडघा अडकलाय हे सरळ नाही बोललास.”

ह्यावर मी उपप्रमुखासारखा गप्प राहिलो. आज काही वर्षांनीही मी उपप्रमुखच आहे.

वहिनी समोर येऊन समोसा करून थांबल्या. थोडा उशिरा केला, त्यामुळे कुंपणाला जरा धडकल्या, पण उभ्या राहिल्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी आमच्याकडे बघितलं. “काय झालं? चेहरे असे का?”

“साल्हेरला पुढे तू,” बापू म्हणाले. “ठरलंय.”

“कुणी ठरवलं?”

“मी.”

“मला विचारलंत?”

बापूंनी आजूबाजूला बघितलं. ऋजुता होती, आयझादा होती, मी होतो आणि भाड्याने स्की देणारे तीन-चार किर्गिझ होते, ज्यांना आमच्यात काहीतरी चाललंय एवढं समजत होतं.

“विचारतोय,” बापू म्हणाले.

“असं?”

बापूंनी कुंपणाचा हात सोडला. डाव्या गुडघ्यावर जरा कलत, सरळ उभे राहिले. “कुमुद, येशील का? उतरताना पुढे राहायला. मला नाही जमत आता.”

वहिनींनी एक हातमोजा काढला, बापूंच्या मिशीवरचं उरलेलं बर्फ झाडलं आणि हातमोजा परत घातला.

“विचार करून सांगते,” त्या म्हणाल्या. “आत्ता लिफ्ट बंद व्हायच्या आत एक फेरी होईल.”

आणि आयझादाबरोबर रांगेकडे निघाल्या. खुर्ची आली, त्यांना उचलून निघाली. बापू लंगडत चार पावलं पुढे गेले आणि थांबले. बायकोला डोंगरावर जाताना खालून बघायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. मान किती मागे न्यायची ते त्यांना कळेना, आणि मागे नेता नेता ते शेवटी बर्फात बसले.